चित्रामागचा मजकूर

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर आहे. खाली काचा घासायचं मशीन दिवसभर घूंघूं करत असतं आणि त्याची थरथर जिन्याच्या कठड्यातून वर येते. वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबलं, वायरींचा गुंता आणि एक कपाट, ज्याचं दार कागदाची घडी घातल्याशिवाय बंद राहत नाही. आतली खोली ताईची. तिथे एक लांब टेबल आणि त्याच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या, शेजारीशेजारी. डावीकडची ताईची, उजवीकडची माझी. आम्ही दोघी बहिणी वेबसाइट बनवायला लागलो तेव्हा कॉम्प्युटर एकच होता, म्हणून खुर्च्या तशा लावल्या आणि पुढे तशाच राहिल्या. माझ्या खुर्चीच्या हाताचं कव्हर माझ्याच कोपराने फाटलंय. कामाला कोण कोण आहे असं कुणी विचारलं की मी सांगायचे, पहिल्यापासून आम्ही दोघीच.

मग ताईने तिला आणलं. मी मनातल्या मनात तिचं नाव गोगलगाय ठेवलं. हळू चालायची, हळू टाइप करायची, कुणी मोठ्याने बोललं की मान खांद्यात घ्यायची. मी दुपारपर्यंत जे हातावेगळं करायचे, त्याला तिला दोन दिवस लागायचे. तरी ताई तिच्यावर खूश. "मॅडम काय म्हणतेस गं, ताई म्हण," असं ताई तिला म्हणाली तेव्हा मी शेजारीच बसले होते. माझ्या बहिणीला ताई म्हणणारी जगात मी एकटी. मी वरवर हसले, पण त्या दिवशी जे पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

तेवढ्यात ग्रंथालयाचं काम आलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही माणसं पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात. तिथले प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांना स्वतःलाही दिसत नाही. जिन्यावर काठीचा टकटक आवाज आला आणि सर एकटेच वर आले. आतल्या खोलीत येऊन त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ चाचपली.

"ही खुर्ची रिकामी आहे ना?"

"नाही सर, तिथे मी बसते," मी म्हणाले.

"माफ करा. मी नेहमी विचारूनच बसतो. एकदा न विचारता बसलो तर एका बाईंच्या मांडीवर."

ताई खळखळून हसली. गोगलगायीने बाहेरून स्टूल आणून दिलं.

सरांची अट एकच होती. साइट अशा सॉफ्टवेअरवर हवी की ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो. उद्या तुम्ही नसलात तरी दुसऱ्याला ती दुरुस्त करता आली पाहिजे, असं ते म्हणाले. ताईने तीन नावं सांगितली. वर्डप्रेस, जुमला, ड्रूपल. कशात काय सोपं, कशात काय बळकट, हेही तिने नीट सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते.

"मॅडम, वर्णन पुरे. दोन साइट करा आणि मला ऐकवा. मजकूर तोच, फोटो तेच. मी कान देईन आणि सांगेन."

मी वर्डप्रेस घेतलं, ते माझ्या बोटांत बसलेलं आहे. गोगलगायीने ड्रूपल घेतलं, कारण तिला नियम आवडतात. जुमला दोघांच्या मधलं, म्हणून ते बाजूला पडलं.

सर गेल्यावर ताई स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "जिची साइट पसंत पडेल तिने हे काम सांभाळायचं. मोठं काम आहे, रोज बोलावं लागेल. ती इथे माझ्या शेजारी बसेल."

"इथे म्हणजे माझ्या खुर्चीत?"

"छोटे, खुर्चीचं काय घेऊन बसलीस?"

मी खुर्चीचंच घेऊन बसले होते. माझ्याकडे दुसरं होतं काय?

एक गोष्ट इथे सांगायला हवी. वेबसाइटवर फोटो टाकला की त्याच्यामागे एक लहानशी चौकट असते. त्या फोटोत काय आहे ते तिथे शब्दांत लिहायचं. डोळस माणसाला ते दिसत नाही, पण ज्यांना दिसत नाही त्यांचं सॉफ्टवेअर पान वाचताना ते मोठ्याने म्हणून दाखवतं. ड्रूपल ती चौकट भरल्याशिवाय बहुधा फोटो आत घेत नाही. वर्डप्रेस तशी सक्ती करत नाही. चौकट रिकामी असली की वाचणारा आवाज फोटोवरून गुपचूप पुढे जातो. गोगलगाय एकेका फोटोसमोर गालाला हात लावून बसायची आणि शब्द शोधायची. मी सगळ्या चौकटी रिकाम्या ठेवल्या. मागाहून बघू म्हटलं. तिच्याआधी काम संपवून ताईसमोर ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सर ऐकायला आले ती दुपारची वेळ होती. माझी साइट आधी. तो वाचणारा आवाज बाईचा, सपाट, कुठेही श्वास न घेणारा. शीर्षक झालं, पहिला परिच्छेद झाला, मग वाचनकक्षाचा फोटो आला. आता आवाज गप्प राहणार म्हणून मी सबब जुळवून ठेवली होती.

"वाचनकक्ष," आवाज म्हणाला. "हेडफोन लावलेली तीन माणसं. खिडकीपाशी बसलेली बाई वाचता वाचता थांबली आहे."

मी फोटोकडे पाहिलं. होती खरी. खिडकीपाशी, नखाएवढी, तोंड अर्धवट उघडं. मला आजवर दिसली नव्हती.

"वा," सर म्हणाले. "हे कुणी लिहिलं?"

मला एका क्षणात उलगडा झाला. गोगलगायीचंच काम. माझं उणं ताईला दाखवायला ही चोरून माझ्या साइटमध्ये शिरली होती. तर मग होऊ दे की माझ्या नावावर.

"मी," मी म्हणाले.

गोगलगायीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. ती नुसती चकित झाली होती.

पुढचा फोटो नोंदणीच्या टेबलाचा होता. आवाज म्हणाला, "टेबलावर कुणी नाही. दारामागे पांढरी काठी टेकवलेली आहे."

सर हसले. "अगदी बरोबर! त्या दिवशी काठी तिथेच विसरलो होतो. फोटोत आली वाटतं?"

"आली ना सर."

ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. कित्येक दिवसांनी मारली. गोगलगायीची साइटही ऐकून, निकाल नंतर सांगतो म्हणत सर गेले आणि ताई त्यांना सोडायला खाली उतरली, तेव्हा गोगलगाय माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"त्या फोटोत दार नाहीये," ती म्हणाली.

"आहे, कोपऱ्यात."

"नाहीये हो. मी तोच फोटो वापरलाय. दार नाही, काठीही नाही."

"तू तुझं बघ," मी म्हणाले. ती मान आत घेऊन निघून गेली.

दार नव्हतंच. मी सगळ्या चौकटी उघडून पाहिल्या, एकूण एक रिकाम्या. पानामागचा कोड उघडला. तिथेही दोन अवतरणचिन्हं आणि मधे काही नाही. साइटमध्ये माझ्याशिवाय कुणी शिरल्याची नोंद नव्हती. साइटला जोडलेले सगळे छोटे प्रोग्रॅम बंद केले, दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं पुन्हा नव्याने उभं केलं. जिथे सगळाच कोड उघडा आहे तिथे चूक लपणार कुठे, अशी माझी खात्री होती. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड नव्हता. फक्त तो आवाज लावला की फोटोपाशी येऊन तो बोलायचा.

मी ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या पाठीवरची थाप परत गेली असती. मला जिंकायचं होतं, आणि जिंकण्यापेक्षाही ती हरायला हवी होती.

मग सरांचा निरोप आला. साइट कुणी केली ते ऐकणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचा तिघींचा एक फोटो टाका, दोन्ही साइटवर. खालच्या चष्मेवाल्याने वर येऊन फोटो काढला. ताई तिच्या खुर्चीत, मी माझ्या, आणि गोगलगाय ताईच्या डाव्या हाताला उभी. फोटो मोठा करून पाहिला तर ताईची मान तिच्याकडे कललेली होती. जराशीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोटोची कडा कापायला फार काही करावं लागत नाही. चौकट ओढायची आणि होकार द्यायचा. मी गोगलगायीला कापून टाकलं. उरलो ताई आणि मी, आपापल्या खुर्च्यांत. मग मी मागची ती लहान चौकट उघडली आणि तिच्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं: आम्ही दोघी, पहिल्यापासून.

ताई बाहेर गेली तेव्हा आवाज लावून ऐकलं.

"आम्ही दोघी, पहिल्यापासून," आवाज म्हणाला. मला बरं वाटलं. पण तो थांबला नाही. "एक बसलेली, एक उभी. उजवीकडे एक खुर्ची रिकामी आहे."

मी फोटो पाहिला. उजवीकडच्या खुर्चीत मी बसले होते, दात दाखवून. मी फोटो काढून टाकला, पुन्हा चढवला, दुसऱ्या नावाने चढवला. आवाज तेच म्हणत राहिला.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत मी ताईशी अबोला धरला होता. ताई चहा घेऊन आली ती दोनच कप घेऊन, एक तिला आणि एक गोगलगायीला. मी शब्द काढला नाही. म्हटलं, बघू तर किती दिवस असं डिवचते. चष्मेवाल्याने जिन्याखाली ताईची आणि गोगलगायीची विचारपूस केली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, यालाही फितवलं. ताईने माझ्या ड्रॉवरमधली कात्री मला न विचारता घेतली. मला राग यायचा आणि रागात बरंही वाटायचं, कारण आपल्याला मुद्दाम डावललं जातंय हे मला कळत होतं. आता ती आधी बोलेपर्यंत मी बोलणार नव्हते.

ती बोलली नाही.

सर निकाल सांगायला आले तेव्हा मी माझ्या खुर्चीत मुद्दाम आधीच जाऊन बसले. गोगलगाय ताईच्या डाव्या हाताला उभी होती. सर दारातच काठीवर भार देऊन उभे राहिले. "आधी पुन्हा एकदा ऐकू द्या," ते म्हणाले. ताईने माझी साइट लावली. आवाज वाचत गेला आणि शेवटी आमच्या फोटोपाशी आला.

"आम्ही दोघी, पहिल्यापासून. एक बसलेली, एक उभी. उजवीकडे एक खुर्ची रिकामी आहे."

मी अबोला मोडला. "ताई, ते चुकलंय. त्या खुर्चीत मी आहे ना."

ताईने चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनकडे निरखून पाहिलं.

"अगदी जसंच्या तसं आहे, सर," ती म्हणाली.

"मग हीच घेऊ. हिला बघता येतं," सर म्हणाले. "कुणी केली ही?"

ताईने गोगलगायीच्या दंडावर हात ठेवला. "हिने."

गोगलगाय माझ्याकडे बघत होती. माझ्या खुर्चीकडे नाही, माझ्याकडे, सरळ डोळ्यांत. खाली मशीन घूंघूं करत होतं.

"हो," ती म्हणाली. "मी."

"ए, सांग ना हिला, ताई," मी म्हणाले. "ताई."

"सर, उभे का?" ताई उठली. "बसा ना."

काठी माझ्या बाजूला आली. सरांचा हात खुर्चीच्या पाठीवर आला.

"ही रिकामी आहे ना?"

"नाही सर, तिथे मी बसते," मी म्हणाले. पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच, तितक्याच मोठ्याने.

सरांनी मान किंचित कलती केली. वाटलं, यांना ऐकू आलं. मग ते वळले आणि बसायला खाली वाकले, आणि मी उठले. उठावंच लागलं.

सर बसले. त्यांचा तळवा खुर्चीच्या हाताच्या फाटक्या कव्हरवरून फिरला आणि थांबला.

"खुर्ची गरम आहे," ते म्हणाले. "आत्ता इथे कुणी बसलं होतं का?"

"नाही सर," ताई म्हणाली. "पहिल्यापासून आम्ही दोघीच."