तिसरी हाक

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हे घडलंय. तेही रात्री नाही, भर दिवसा! व्हर्जिनियातल्या टॅन्डी कोर्टहाऊस नावाच्या गावात. सुरुवात झाली १९५८च्या ऑक्टोबरातल्या तिसऱ्या सोमवारी. म्हणजे महिन्यातून एकदा कोर्ट भरतं, त्या दिवशी.

गावातल्या व्हर्डीबाईचा मुलगा हॉलिस सात वर्षांपूर्वी नदीवर मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. आता सुनेला दुसरं लग्न करायचं होतं. त्यासाठी कोर्टानं हॉलिसला मृत ठरवायला हवं. व्हर्डीनंच तिला म्हटलं, "जा बाई, तू तरी सुखी हो."

तिथली रीत अशी, की आधी कोर्टाच्या दारात उभं राहून बेपत्ता माणसाचं नाव तीनदा पुकारायचं.

पुकारा करणारा कोर्टाचा शिपाई ऑर्विल. हॉलिसला त्यानं खांद्यावर खेळवलेलं.

"हॉलिस मॅडॉक्स!"

कोणी आलं नाही.

"हॉलिस मॅडॉक्स!"

तिसऱ्यांदा त्याच्यानं पुकारवेना. तसाच आत जाऊन न्यायाधीशांना म्हणाला, "तीनदा पुकारलं, साहेब. कोणी नाही."

हॉलिस मृत, असा शिक्का बसला.

पुढच्या महिन्यात कोर्टाच्या दिवशी व्हर्डी कोर्टाच्या ओसरीतल्या बाकावर बसली होती. अकरा वाजले. आणि...

चुबुक... फरर्र... चुबुक... फरर्र...

ओले बूट. एक पाय ओढत येणारे.

हॉलिस लहानपणापासून तसाच चालायचा!

पावलं उंबऱ्यापाशी थांबली. दिसत मात्र कोणी नव्हतं, आणि फरशी कोरडी ठणठणीत.

मग दर महिन्याला तेच. व्हर्डी मक्याचा पाव घेऊन यायची. "आलास, बाळा?" म्हणून तासभर गप्पा मारायची. किती दिवसांनी हसत होती बिचारी.

एप्रिलात ऑर्विलला राहवेना.

"व्हर्डीताई, मी दोनदाच पुकारलं होतं गं. तो तिसऱ्या हाकेसाठी खोळंबलाय."

"मेल्या, सहा महिने गप्प बसलास? लेकरू दारात ताटकळलंय माझं! मार हाक!"

"हॉलिस मॅडॉक्स!"

"...हजर."

अगदी कानाशी. दमलेला आवाज.

पावलं उंबरा ओलांडून आत गेली... आणि थांबली.

आत कोणीच नव्हतं. तो कुठे गेला, हे आजवर कळलेलं नाही.

मे महिन्यात व्हर्डी पाव घेऊन आली. अकरा वाजले. बारा वाजले. पाव गार झाला.

"ऑर्विल, अजून एकदा पुकार ना रे."

"तीनच असतात, ताई."

व्हर्डीनं गार पाव उंबऱ्यावर ठेवला.

"दारात होता तोवर माझा होता रे," ती म्हणाली. "मीच त्याला आत धाडला."