रीळवाल्याचा हात

डबा उतारावरून गडगडत आला. झाकण एकीकडे, रीळ दुसरीकडे, आणि रिळातून सुटलेली काळी फीत सगळ्या रस्त्यावर. कॉलरवालीनं विचारबिचार काही केला नाही. दिवसभर शिलाई मशीनवर चालणारा तिचा पाय आपसूक पुढे झाला आणि फितीवर पडला. रीळ थांबलं.

"पाय... पाय उचला आधी," मागून एकजण धापा टाकत आला.

"तुमचं पळालेलं मी थांबवलं. आधी आभार, मग पाय."

"आभार. आता उचला. तुमच्या चपलेखाली एक हवालदार आहे."

तिनं पाय उचलला. फितीवर नखाएवढी चित्रं, एकाखाली एक, आणि प्रत्येकात तोच लठ्ठ हवालदार. तिला हसू आलं. तो मात्र गुडघ्यावर बसून सदऱ्याच्या टोकानं फीत पुसत होता, बाळाचं नाक पुसावं तशी.

तिला कॉलरवाली म्हणत, कारण शर्टांच्या कारखान्यात ती फक्त कॉलरी शिवायची. आणि अशा शिवायची की दुसऱ्या कोणी शिवलेली कॉलर शेजारी ठेवली, तर त्या दुसरीनं शरमेनं मान खाली घालावी. हा होता रीळवाला. उताराच्या वरच्या टोकाशी त्याची खोली, खोलीत भिंतभर पत्र्याचे डबे, डब्यांत अमेरिकेतले शंभर वर्षांपूर्वीचे विनोदी मूकपट. दहा-दहा मिनिटांचे. लोक घरी नेत, पाहत, परत आणून देत.

"बोलतात काय यात ही माणसं?" तिनं विचारलं.

"काही नाही. पडतात, पळतात, प्रेमात पडतात, पुन्हा पडतात. तोंडातून एक अक्षर नाही."

"एक अक्षर नाही?" तिनं पुन्हा विचारलं. आता ती हसत नव्हती.

घरी तिचे वडील होते, नाना. तीस वर्षं मागावर काढली, आणि मागाच्या खडखडाटानं कान घेतले. घरात चार माणसं हसली की नाना उगाच त्यांच्याबरोबर हसायचे, अर्धा श्वास उशिरा. तो अर्धा श्वास तिला सुईसारखा टोचायचा.

त्या रविवारी दुपारी रीळवाला यंत्र घेऊन घरी आला. जुनं यंत्र, बाजूला दांडा, दांडा हातानं फिरवायचा. तिनं पडदे ओढले, भिंतीवर पांढरी चादर ताणली. चादरीवर एक न्हावी आला. न्हाव्याला उचकी लागली होती आणि खुर्चीत गिऱ्हाईक साबण लावून बसलेलं. पहिल्या उचकीलाच नाना हसले. सगळ्यांच्या आधी. डोळ्यांत पाणी येईतो हसले, मांडीवर थापा मारत म्हणाले, "अगं, बघ की, वस्तरा बघ त्याचा."

कॉलरवाली चादरीकडे बघत नव्हती. नानांकडे बघत होती. आणि रीळवाला... तो कुठे बघत होता ते त्याचं त्याला ठाऊक.

मग दर रविवार ठरूनच गेला. दर खेपेला नवा डबा, आणि डब्यावर त्याच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी. 'पाहुणे जात नसतील तर हा लावा. यातला माणूस पाहुण्यांसकट घर उचलतो.' 'कोणाचा राग आला असेल तर हा. दहा मिनिटांत राग गेला नाही तर रीळ परत घेईन.'

"एवढं कौतुक?" ती म्हणायची. "पडतात तर आहेत."

"पडतात? बाई, पडून दाखवा तसं. जिन्यावरून उलटा येतो, हातातली बशी फुटत नाही. आणि खाली येऊन टोपी सारखी करतो. दोऱ्या नाहीत, गादी नाही. वर चेहरा असा, की जणू जिनाच चुकला."

"तुम्ही त्यांचे जावई असल्यासारखे बोलता."

"जावई व्हायला... अजून कुठे झालोय," तो म्हणाला आणि घाईनं दांड्याला तेल घालू लागला.

फुकटच्या लाजेपायी त्यानं तेल सांडलं, टेबलावर डाग पडला. तो डाग तिनं पुसला नाही.

पण एक गोष्ट तिला खुपू लागली. तिनंच विचारल्यावर त्यानं सांगितलं होतं, की दांडा एका लयीत फिरवायचा. हात भरभर चालला की पडद्यावरची माणसं पळत सुटतात. आणि आताशा त्यांच्या घरी सगळे पळतच होते. नाना एकटे बसले की चित्र ठीक चालायचं. ती चहा घेऊन यंत्राशेजारी येऊन बसली, की म्हातारी बाई हरणासारखी उडायची, मिरवणूक वावटळ व्हायची, दहा मिनिटांचं रीळ सहा मिनिटांत संपायचं. आणि रीळवाला लगेच आवरायला लागायचा.

तिचा स्वभाव मानी. एका रविवारी तिनं दारातच सांगितलं, "तुम्हाला आमच्याकडून सुटायची एवढी घाई असते, तर येऊ नका. उपकार नकोत आम्हाला."

त्याचं तोंड उघडलं. भिंतभर मूकपटांवर तासन् तास बोलणारा माणूस अडखळला. "घाई... नाही, म्हणजे..." एवढं बोलून तो यंत्र उचलून निघून गेला. न पाहिलेला डबा तिथेच राहिला.

पुढचा रविवार आला, रीळवाला आला नाही. नानांनी चादर स्वतः ताणली आणि कोऱ्या चादरीसमोर बसून राहिले. तिनं बोटांनी, ओठांनी सांगितलं: तो येणार नाही, त्याला घाई असते.

नानांनी चादरीकडे पाठ केली.

"माझे कान गेले, पोरी, हात नाही गेले," ते म्हणाले. "यंत्राखालच्या टेबलावर माझा तळवा असायचा. माग बिघडला की मला लाकडातून कळायचं, हे तर एवढंसं यंत्र. तू लांब असलीस की ते बरं चालतं. तू शेजारी बसलीस की धडधडतं. यंत्राला काय घाई असणार? ज्याचा हात आहे त्याला विचार."

 ती उठली, डबा घेतला. डब्यावरची चिठ्ठी तिनं आज पहिल्यांदा वाचली. 'एक माणूस प्रेमाचं पत्र पेटीत टाकतो, घाबरतो, आणि काढायला जातो. हा मी कोणाला देत नाही. तुम्ही बघा.'

उतार चढताना तिला दम लागला. चढामुळेच, असं तिनं स्वतःला बजावलं.

खोलीत अंधार केलेला. रीळवाला पाठमोरा, दांडा फिरवत होता, आणि भिंतीवर एक पोस्टमन सावकाश, रुबाबात रस्ता ओलांडत होता. ती दाराशी उभी राहिली. पोस्टमन तसाच चालत राहिला. मग ती खाकरली.

पोस्टमन उधळला. गल्ल्या, खांब, कुत्री मागे टाकत सुसाट सुटला.

"हळू," ती म्हणाली. "पडेल तो."

"थांबवता येत नाही. थांबलो तर दिव्याच्या आचेनं फीत जळते."

"मग फिरवता फिरवता बोला. घाई कसली होती तुम्हाला?"

"घाई नव्हती. तुम्ही शेजारी बसलात की हात माझा राहत नाही."

"हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"आयुष्य न बोलणाऱ्या माणसांत गेलं. सवय नाही."

ती पुढे झाली. "सरका. द्या इकडे. कॉलरीच्या गोलाईवर माझा टाका कधी हलला नाही." तिनं दांडा घेतला. आणि खरंच, पोस्टमन शहाण्यासारखा चालू लागला, पाऊल मोजून, पिशवी सावरत. तिनं ऐटीत मान वर केली. "असा फिरवतात."

रीळवाला यंत्राच्या पलीकडे उभा होता, अर्ध्या उजेडात.

"मी नानांना विचारायला येणार आहे," तो म्हणाला. "त्यांना ऐकू येत नाही, तर हातवारे करून विचारीन. जिन्यावरून पडावं लागलं तरी पडीन. पण आधी तुम्हाला विचारतो... माझ्याशी लग्न कराल?"

तिनं दांडा सोडला नाही. चेहरा अगदी गंभीर ठेवला, नजर भिंतीवर.

भिंतीवर पोस्टमन पळायला लागला होता.