बुधवारच्या बातम्या

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत एक तरुण आरशाकडे तोंड करून उभा होता. अगदी गंभीर चेहऱ्यानं तो आरशातल्या स्वतःला पूर ओसरल्याची बातमी सांगत होता.

"कुठला पूर?" तिनं आत शिरत विचारलं.

तो दचकला. हातातले कागद पडता पडता वाचले. "अं… उत्तरेकडचा. म्हणजे… अजून ओसरलेला नाही. सातला ओसरेल. मी वाचल्यावर."

"मग लवकर वाचा हो," ती हसू दाबत म्हणाली. "माणसं छपरावर बसलीत."

तो रेडिओ केंद्राचा नवा वृत्तनिवेदक होता, अजून चाचणीवरचा. आणि ती तिथली ध्वनितंत्रज्ञ. संध्याकाळच्या बातम्यांना तो स्टुडिओत माइकपुढे बसायचा आणि काचेच्या अलीकडे ती, बटणं आणि मीटर सांभाळत.

"मी बोट खाली केलं की सुरू करायचं," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. "मग कागदावरून नजर हलवायची नाही. जग बुडालं तरी."

"आणि पूर ओसरला तरी?"

"तरीही!"

आवाज त्याचा असा, की ऐकतच राहावं. पण वाचन? देवा रे! ‘चर्चा’तला ‘च’ तो ‘चमचा’तल्यासारखा म्हणायचा, आणि ‘जागतिक परिषदे’तला ‘ज’ थेट जावयाच्या घरचा. वाक्यातल्या ज्या शब्दाला कुत्रंही विचारत नाही, नेमका त्याच्यावर जोर. एकदा तर त्यानं "गोदामाच्या आगीत तीन कामगार जखमी…" म्हणून एक लांबलचक श्वास घेतला, सगळ्या शहराचा जीव टांगणीला लावला, आणि मग म्हणाला, "…झाल्याची अफवा खोटी ठरली."

घरी तिची आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. आत्याचा सगळा जन्म शाळेत भाषा शिकवण्यात गेलेला.

"अगं, हा वाचतोय की वाक्यं फोडतोय? लाकूडतोड्या मेला!" असं म्हणत ती केंद्राला फोन लावायची. तिच्यासारखे आणखीही फोन यायचे.

आणि ही? बातम्या संपल्या की कँटीनमध्ये त्या लाकूडतोड्याबरोबर चहा प्यायची. तो मान खाली घालून विचारायचा, "आज फार झालं का?" ही म्हणायची, "छे, माणसं जिवंत आहेत अजून." हल्ली कपाटातले बरे कपडे तिच्या हाताला आपोआप लागायला लागले होते. का, ते ती स्वतःला विचारत नव्हती.

एका मंगळवारी वृत्तप्रमुखांनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. "शनिवारच्या बातम्या मी स्वतः ऐकणार. एक जरी चूक झाली, तर सोमवारपासून यायची तसदी घेऊ नका."

त्याचा चेहरा उतरला. सोमवारी काचेपलीकडे दुसरंच कुणी बसलेलं असेल, हे तिला सहनच होईना. मग मात्र तिला स्वतःपासून लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. एरवी सुट्टीच्या संध्याकाळी ती घरी नसायची, पण आज धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. सात वाजले, आत्यानं रेडिओ लावला. तो वाचू लागला… आणि वाचतच गेला. संथ, स्वच्छ, प्रत्येक शब्द आपल्या जागी. ती ऐकतच राहिली.

"हे असं असतं याचं," आत्या म्हणाली. "दर बुधवारी शहाणा होतो. गुरुवारी पुन्हा कुऱ्हाड."

"दर बुधवारी?"

"मग! मी काय बहिरी आहे?"

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. बुधवारी काचेच्या अलीकडे तिच्या जागी बसायचे ते सकाळच्या पाळीचे तंत्रज्ञ, दाढीवाले सर. आणि बाकीच्या दिवशी, मध्येच थांबून तो नजर वर करायचा… तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघतोय, अशी आपली ती स्वतःची समजूत घालायची.

गुरुवारी कँटीनमध्ये तिनं सरळच विचारलं. "बुधवारी काय खाऊन येता हो? फार छान वाचता."

तो चहा ढवळू लागला. "बुधवारी काचेपलीकडे दाढी असते. तिच्याकडे… किती वेळ बघणार?"

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी नजर वर जाते. खाली येईपर्यंत ओळ हरवलेली असते. मग सापडेल तो शब्द घट्ट धरतो… नाहीतर बुडेन."

तिचे कान तापले. "अहो, पण त्या कामगारांच्या घरच्यांचं काय झालं असेल?"

"त्या दिवशी तुम्ही केस मोकळे सोडले होते."

"म्हणून तीन-तीन माणसं जखमी करायची?"

"एकच झाला," तो हळूच म्हणाला.

तिला हसू आलं आणि रडूही. तिनं कप बाजूला सारला. "मी दाढीवाल्या सरांशी पाळी बदलून घेते. उद्यापासून सकाळची. कायमची."

"नको! मग वाचू कुणासाठी?"

"नोकरी गेली, तर काचेतूनसुद्धा भेट व्हायची नाही. कळतंय का?"

त्यानं नाइलाजानं मान हलवली.

शनिवारी आत्या फोन मांडीवर घेऊनच बसली होती. बातम्या सुरू झाल्या. शेजारी भाची श्वास रोखून एकेक वाक्य त्याच्याबरोबर पार करत होती. एकही शब्द अडखळला नाही. शेवटचा नमस्कार झाला आणि आत्यानं फोन खाली ठेवला.

"सुधारला गं!" म्हणून ती वळली, आणि भाचीकडे बघतच राहिली. "बातम्यांत रडण्यासारखं तर काही नव्हतं."

"नव्हतं ना."

"मग?"

"काही नाही."

"अस्सं," आत्या म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "घरी आण एकदा. समोर बसवून ऐकते."

सोमवारी तिची पाळी संपायच्या वेळेला तो कँटीनमध्ये आला. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. तिच्यासमोरची खुर्ची ओढून तो म्हणाला, "कायम झालो."

"कळलं. मनापासून आनंद झाला." ती हनुवटीखाली हात घेऊन बसली. "हं, आता बघा पोटभर. ना कागद, ना काच."

पण त्याची मान काही वर होईना. टेबलाच्या कडेशी बोटानं उगीचच रेघा ओढत तो म्हणाला, "इतक्या जवळून… जमत नाही."

ती खळखळून हसली. मग पुढं झुकून, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "तुम्ही नजर वर करायचात, ते मला कसं दिसायचं, सांगा बरं? माझं काम तर मीटरकडे बघायचं."

रेघा ओढणारं बोट थांबलं. त्याला ते कळायला जरा वेळच लागला. आणि मग त्यानं सावकाश मान वर केली.

"म्हणजे… तूसुद्धा?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "मीटरचा काटा कुठं असायचा, देव जाणे."