शकुन ऐकत बसते

कलकत्त्याला बदली झाली ती दिगंबरला बढतीसारखी वाटली. शकुनला काय वाटलं ते त्यानं विचारलं नाही. बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, आणि थंडी पडेपर्यंत बायकोचं बोलणंच आटलं. झोप नाही, जेवणावर मन नाही.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बंगाली डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. संध्याकाळी डोळे मिटून नुसतं ऐकायचं, म्हणाले. गल्ली, जिना, शेजार, जे कानावर येईल ते. आणि नवऱ्यानं जवळ बसून विचारायचं, आज काय ऐकलंस?

"मी ऑफिस सोडून ट्रामच्या घंटा ऐकत बसू?" घरी आल्यावर दिगंबर म्हणाला. "कान तुझे आहेत. तूच ऐक."

ती एकटीच बसू लागली. पाट्याला टाकी लावणाऱ्याची आरोळी, लोकलची शिट्टी, तिन्हीसांजेला शेजारणीचा शंख. हळूहळू चेहरा निवळला. बिनपैशाचा इलाज आहे, असं दिगंबर ऑफिसात सांगत सुटला.

एकदा तो घरी आला तर चहा गार.

"मघाशीच केला होता," शकुन म्हणाली. "तुम्ही जिना चढलात, जोडे काढलेत, ऐकलं ना मी."

कुणीतरी वर गेलं असेल, तो म्हणाला. वर फक्त गच्ची होती आणि गच्चीला कुलूप.

मग हे रोजचंच झालं. किल्ल्या खुंटीला लावणं, खाकरणं, नहाणीत पाय धुणं, सगळं त्याच्याच सवयीचं, फक्त तो यायच्या आधी. टॉवेल त्याला ओला मिळायचा. तो आधी येणारा कधी घाईत नसतो, शकुन सांगायची. जवळ बसतो. काय ऐकलंस म्हणून विचारतो.

"दिसतो का तुला?"

"माझे डोळे मिटलेले असतात."

"मग उघड की."

"कशाला?" ती म्हणाली.

दिगंबरनं डॉक्टरांना गाठून इलाज बंद करायला सांगितलं. बाई बऱ्या झाल्यात, आता बंद काय करू, म्हणून डॉक्टर हसले. वर पाठही थोपटली. संध्याकाळी तुम्हा दोघांचं बोलणं खालपर्यंत येतं, म्हणाले, भाषा कळत नाही, पण ऐकून बरं वाटतं.

संध्याकाळी त्या घरात दिगंबर असा बसून कधी बोललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून लवकर निघाला. जिन्याच्या वळणावरच थांबला.

बंद दाराआड शकुन हसत होती. पोट धरून हसावं तशी. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे हसणं त्यानं ऐकलं नव्हतं. मधूनच एक पुरुष बोलत होता. सावकाश, मायेनं. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. त्याला आला.

त्यानं कडी वाजवली.

हसणं थांबलं.

"कोण आहे गं?" आतून त्याच्याच आवाजानं विचारलं.

बांगड्या किणकिणत दारापर्यंत आल्या. पलीकडे शकुन उभी राहिली. ऐकत.

मी आहे, दिगंबर म्हणायला गेला. तोंड उघडलं, घशाच्या शिरा ताणल्या. जिन्यात चकार शब्द उमटला नाही.

"कुणी नाही हो," ती आत वळून म्हणाली.

मग तिनं आतून कडी घातली. तेवढी मात्र त्याला स्वच्छ ऐकू आली.