मागच्या दाराची साखळी

"केसातली पिन काढून ठेवावी लागेल."

फाटकावरच्या माणसाने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की तिला हसूच आलं. सकाळपासून चिकट भुरभुर लागली होती. सुधारगृहाच्या भिंती ओल्या होऊन काळ्या पडल्या होत्या... आणि हा म्हणतोय, पिन काढा!

"पिनेने काय होतं?"

"मुलं हुशार आहेत. पिनेने कुलूप उघडतात. एखादा... मनगटावर चालवतो."

तिचं हसू विरलं. तिने पिन त्याच्या तळहातावर ठेवली, तसे ओले केस खांद्यावर सुटले. त्याने नजर वळवली खरी, पण जरा उशिरानेच.

"मी वरच्या कार्यालयातून आलेय," ती म्हणाली. "इथली सुरक्षा तपासायला."

"अरे बापरे! मग मी पास की नापास?"

"पहिला पेपर तरी पास."

तो तिथला सुरक्षाप्रमुख. कमरेला सतत किल्ल्यांचा जुडगा, म्हणून मुलं त्याला कुलूपदादा म्हणायची. मुलं कसली—मिसरूडही न फुटलेली पोरं, कुणी चोरी करून आलेलं, कुणी चाकू मारून. झोपताना दिवा घालवू नका म्हणून त्याच्याकडेच हट्ट धरायची.

त्या महिन्यात ती वरचेवर आली. खिडक्यांचे गज हलवून बघितले, कॅमेरे तपासले, मुलांशी एकटीने बोलली. तो बरोबर असायचा, दोन पावलं मागे. ओल्या पायऱ्यांवर तिचा पाय सरकला की हात पुढे करायचा, आणि ती सावरली की घाईने मागे घ्यायचा.

"तुम्ही कधी हसत नाही का हो?" एकदा तिने विचारलं.

"हसतो की. तुम्ही गेल्यावर."

"म्हणजे मला हसता?"

"नाही... तुम्ही परत येणार म्हणून."

घरी आई आरशाजवळ उभी राहून म्हणाली, "गजाआडच्या पोरांची तपासणी करायला जाताना कुणी इतकं आवरतं का गं?" तिने घाईने छत्री उचलली. कान मात्र लाल झाले.

आणि मग एका दुपारी स्वयंपाकघरामागच्या बोळात, जुन्या गाद्यांच्या ढिगाआड, तिला ते दार दिसलं. आग लागली तर मुलांना बाहेर काढायचं दार. त्याला जाड साखळी होती, साखळीला कुलूप.

"हे कुणी लावलं?"

"मी." तो म्हणाला.

गेल्या वर्षी याच दारातून एक मुलगा पळाला होता. आईला भेटायचं म्हणून. समोरच्या रस्त्यावर ट्रकखाली आला. ह्यानेच त्याला उचललं होतं. दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, ह्याने साखळी आणली.

"आणि आग लागली तर?"

"रोज तेच मनात येतं. आणि रोज जाऊन कुलूप ओढून बघतो... नीट लागलंय ना."

पलीकडे जेवणघरात भांडी वाजत होती. मुलांचा गलका चालला होता.

"मला हे लिहावं लागेल. तुमची नोकरी जाईल."

"लिहा."

"एवढंच?"

"तुम्ही लिहिलं नाही, तर मला तुमच्याकडे बघता येणार नाही. आणि मला... मला तुमच्याकडे बघायचं असतं." तो थांबला. "हे बोलायची ही जागा नव्हे. चुकलं."

"चुकलं नाही," ती हळूच म्हणाली.

त्याने जुडग्यातून किल्ली काढली. किल्ली काही केल्या भोकात जाईना. तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. कुलूप उघडलं. दोघांनी मिळून गाद्या ओढून बाजूला केल्या. दार उघडलं की वाजणारी घंटा आणि बाहेरचं कुंपण होईपर्यंत, तो रोज त्या दाराशी स्टूल टाकून बसला.

तिने सगळं लिहिलं. एक शब्दही मऊ केला नाही. त्याला काढून टाकलं.

शेवटच्या दिवशी ती फाटकाबाहेर उभी होती. तो कापडी पिशवी घेऊन आला. कमर रिकामी, म्हणून चालही परकी वाटत होती.

"रागावलात?" तिने विचारलं.

"नाही. पण आता एका घरी जायचंय. त्या मुलाच्या आईकडे. वर्षभर टाळलं. कुठल्या तोंडानं जाणार..."

"मी येऊ?"

"तिथे तपासायला काही नाही हो."

"ठाऊक आहे."

दोघं बसने शहराच्या टोकाला गेले. राखाडी आभाळ, गटारांचा वास, एकाला एक लागून घरं. दार ठोठावायला तो हात उचलायचा आणि खाली घ्यायचा. शेवटी तिनेच कडी वाजवली.

दार एका वाळक्या बाईने उघडलं. ती चौकटीला धरून उभी राहिली. "मी सुधारगृहातून..." एवढंच तो म्हणाला. पुढे ओठ नुसते हलले.

"त्याला उचललंत ते तुम्हीच ना?" बाईने विचारलं.

त्याने मान हलवली. डोळे भरून वाहू लागले.

"एकटा नव्हता ना माझा?"

"नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या मांडीवर होता. तुमचं नाव घेत होता."

बाईने पदराने तोंड झाकलं. मग तिची नजर त्याच्या मागे गेली.

"आणि ह्या कोण?"

तो गडबडला. "ह्या... ह्या कार्यालयातल्या..."

"नाही," ती म्हणाली, आणि त्या बाईसमोर त्याचा गार पडलेला हात हातात घेतला. "मी ह्यांची आहे."

बाई बाजूला झाली. "आत या दोघं," ती म्हणाली. "बाहेर गारठा आहे."