डावीकडचा चौथा

घरात तिला सगळे पक्कड म्हणत. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून. नाव ठेवलं होतं वडिलांनी. ते रेडिओ दुरुस्त करत. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, नाव मात्र तिला चिकटलं ते चिकटलंच.

वडिलांकडून तिने दोन गोष्टी उचलल्या. बिघडलेली वस्तू उघडायला कुणाची परवानगी मागायची नसते, ही एक. दुसरी म्हणजे चिठ्ठी. रेडिओचं मागचं झाकण लावायच्या आधी ते आत तीन ओळींची चिठ्ठी ठेवत: काय दिसलं, काय केलं, काय राहिलं. तिसऱ्या ओळीवर त्यांचा फार जोर. तिथे 'काही नाही' असं कधी लिहू नये, म्हणत. ज्याला सगळं झालं असं वाटतं, त्याचा रेडिओ आठवड्याच्या आत परत येतो.

कॉलेज तिने दुसऱ्या वर्षातच सोडलं होतं. संगणक शिकली ती धाकट्या भावाच्या खेळापायी. त्याला गाड्यांच्या शर्यतीचं वेड. एका मॉनिटरवर भागेना, तेव्हा बंद पडलेल्या एका गेमिंग पार्लरमधून तो तीन एकसारखे मॉनिटर घेऊन आला. जुन्या दाराच्या फळीचं टेबल केलं, मधला मॉनिटर समोर ठेवला आणि बाजूचे दोन थोडे आत वळवले. खेळायचा तो, आणि मशीन रुसलं की त्याच्या पोटात हात घालायची ही. कुठला पंखा का घरघरतो, कुठली तार कशावर रागावते, हे तिला असंच कळत गेलं. आपला हात जगन्नाथ. पुढे भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. जाताना म्हणाला, टेबल तू घे, माझी मान दुखते. इतकं मोठं वेड मानेपायी सुटतं का, हे तिने तेव्हा विचारलं नाही.

आता त्याच टेबलापुढे बसून ती एका कंपनीच्या मदत कक्षाचं काम करत होती. दूरदूरच्या ऑफिसांतला एखादा संगणक अडला की तक्रार हिच्याकडे येई, आणि ही घरी बसून तो चालवून मार्गी लावी. आई याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणे. कक्षातल्या बाकी सगळ्यांकडे पदव्या होत्या, प्रमाणपत्रं होती. हिच्याकडे नुसते हात. म्हणून कंपनीने तिला सहा महिने कच्चं ठेवलं होतं आणि त्यातले तीनच आठवडे उरले होते. कायम झाली असती, तर पुन्हा कुणी तिला 'शिक्षण काय?' असं विचारणार नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं. बंद केलेल्या प्रत्येक तक्रारीखाली ती वडिलांसारख्या तीन ओळी लिही. खाली जे लिहिलंय ते माझ्या हाताने केलंय, ही तिची एकुलती एक मिजास.

एका मंगळवारी सकाळी माउसचा बाण डाव्या मॉनिटरच्या कडेला थांबला नाही. कडेपाशी गेला आणि नाहीसा झाला. तिने माउस उजवीकडे ओढला, तेव्हा बऱ्याच वेळाने परत आला, जणू लांब गेला होता.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कधी कधी संगणकाला रिकाम्या खाचेत मॉनिटर जोडल्याचा भास होतो. तिने मॉनिटरांची मांडणी उघडली. तीन चौकोनांऐवजी चार होते. डावीकडून ४, १, २, ३. तिने खाली वाकून केबली मोजल्या. तीनच. मांडणीच्या पानावर एक बटण असतं, 'ओळखा' नावाचं. ते दाबलं की प्रत्येक मॉनिटर हजेरी दिल्यासारखा आपापला आकडा मोठा करून दाखवतो. भावाने गंमत म्हणून सगळा संगणक मराठीत करून ठेवला होता, त्यामुळे आकडेही मराठी. तिने बटण दाबलं. एक, दोन, तीन. चौथ्याने हजेरी कुठे दिली, कळायला मार्ग नव्हता.

तिने चौथा बंद केला. बुधवारी सकाळी तो परत होता.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती भावाबद्दल. लांबून दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरून खोड्या काढायची त्याला जुनी सवय. तिने सगळे पासवर्ड बदलले, इंटरनेटची तार काढून पाहिली. चौकोन चारच. शेवटी त्यालाच फोन लावला.

"तुला कधी चौथा दिसायचा का?"

पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता, तो थांबला. त्याने खिडकी लावून घेतली असावी.

"डावीकडे?"

"हो."

"तिकडे काही ठेवू नकोस, ताई."

"का? हरवतं?"

"हरवत नाही. परत येतं." मग म्हणाला, "आई कशी आहे?" आणि त्यानंतर त्या विषयावर त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

गुरुवारी दुपारी एका गोदामातून तक्रार आली: प्रिंटर छापत नाही. आईने आतून हाक मारली म्हणून ही मान वळवायला गेली, आणि हातातली तक्रारीची विंडो फरफटत डावीकडे गेली. कडेपलीकडे. ती परत ओढायला तिने बाण तिकडे नेला, तेवढ्यात विंडो आपणहून आत सरकली. तक्रार बंद झालेली होती. खाली तीन ओळी होत्या.

काय दिसलं: छापायची रांग अडकलेली. काय केलं: रांग मोकळी करून पुन्हा सुरू केली. काय राहिलं: काही नाही.

तिने गोदामात फोन केला. प्रिंटर चालू झाला होता. त्या माणसाने तिचे आभारही मानले.

तिने ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. 'छापायची रांग' हा शब्द कक्षात दुसरं कुणी वापरत नसे, त्यावरून तिची थट्टाही होई. शब्द तिचे, धाटणी तिची. फक्त शेवटचे दोन शब्द तिने जन्मात लिहिले नसते.

आता संशय कक्षातल्या लोकांवर गेला. कच्च्या बाईला घालवायला कुणीतरी तिच्या नावाने काम करत असेल. दोन दिवस तिने प्रत्येकाच्या बोलण्यात वाकडं शोधलं. हाती काही लागलं नाही. उलट एकाने विचारलं, आजकाल सगळ्यांवर एवढी चिडतेस का?

आणि मग जे करायला नको होतं ते तिने केलं. सोमवारी बाराला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि साडेअकराला चार तक्रारी उरल्या होत्या. आई चपला घालून दारात उभी. तिने एक विंडो धरली आणि डावीकडे ढकलली. एकच, असं स्वतःला बजावत. तिची चप्पल घालून होईपर्यंत विंडो परत आली होती. बंद. काही नाही.

मंगळवारी दोन ढकलल्या. पुढच्या सोमवारपर्यंत अकरा झाल्या. प्रत्येक वेळी ती तिसरी ओळ खोडून दुसरं काहीतरी लिही, म्हणजे नोंद आपली वाटावी. वाटत नसे. वडिलांची आठवण आली की ती मधल्या मॉनिटरवरची धूळ पुसत बसे. तिला स्वतःची लाज वाटत होती.

बुधवारी परीक्षक मॅडमचा फोन आला. कच्च्यांना पक्कं करायचं की घरी बसवायचं, हे त्या ठरवत.

"तुमच्या दोन तक्रारी एकाच मिनिटाला बंद झाल्यात. दोन वेगळ्या ऑफिसांतल्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याबरोबर दुसरं कोणी बसतं का?"

"नाही."

"पदवी नसलेल्या लोकांच्या बाबतीत असं होतं कधी कधी. नावावर एक, कामावर दुसरा. म्हणून विचारलं."

"मी एकटीच असते, मॅडम."

हे अक्षरशः खरं होतं, आणि तरी ते तिला खोटं वाटलं. खाई त्याला खवखवे. मॅडमनी शुक्रवारी सकाळी अकराची परीक्षा लावली. कॅमेऱ्यासमोर, एकाच मॉनिटरवर, त्यांच्या डोळ्यांदेखत. पास झाली तर कायम, नाहीतर त्याच दिवशी काम संपलं.

तिला उलट बरंच वाटलं. एकच मॉनिटर म्हणजे डावीकडे ढकलायचा मोहच नाही. जे होईल ते आपल्या हाताने होईल. शुक्रवारी सकाळी तिने दोन आणि तीन नंबरचे मॉनिटर उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवले, त्यांच्या केबली गुंडाळून कपाटात टाकल्या. एक नंबरचा मधोमध घेतला. मांडणी उघडून पाहिली. चौकोन एकच होता. चौथा गेला होता. तिने चष्मा पदराने स्वच्छ पुसला आणि आईला सांगितलं, तासभर हाक मारू नकोस.

अकराला मॅडम समोर आल्या. खिडकीचा उजेड मागून येतोय, म्हणाल्या, पडदा ओढून घ्या. तिने ओढला. खोलीत मॉनिटरचा तेवढा उजेड राहिला.

"आता 'ओळखा' दाबा. किती मॉनिटर आहेत ते मला बघायचंय."

तिने दाबलं. समोर एक मोठा, पांढरा '१' उमटला.

मॅडम स्वतःच्या स्क्रीनजवळ झुकल्या.

"कुठला आकडा आहे तुमच्यासमोर?"

"एक."

"नीट बघून सांगा."

"एकच आहे, मॅडम."

"तुमच्या चष्म्यात चार दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही काचांत."

तिने चष्म्याला हात लावला. काचेत आकडा उलटा पडतो, त्यामुळे फसायला होतं, असं म्हणणार होती. पण एक उलटा केला तर चार होत नाही. आणि चार उलटा केला तरी जवळपास चारच राहतो.

आकडा विझला. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. "असो. सुरू करा."

तक्रार साधी दिसत होती, नव्हती. एका संगणकाचं घड्याळ दर तासाला सात मिनिटं मागे पडे, त्यामुळे तो कुणालाही आत घेईना. तिने घड्याळ कुठून वेळ घेतं ते शोधलं, चुकीचा पत्ता काढला, बरोबर पत्ता दिला, पुन्हा तपासलं. एकेक पायरी स्वतःच्या बोटांनी. दोन आठवड्यांनी पहिल्यांदाच तिला कामात गोडी वाटली. खाली तिने तीन ओळी लिहिल्या. तिसरी अशी: पत्ता कुणी बदलला ते कळलं नाही, लक्ष ठेवावं लागेल.

मॅडमनी नोंद वाचली. चेहरा सैलावला.

"छान. शेवटची ओळ आवडली मला. 'काही नाही.' असं ठामपणे लिहायला छाती लागते." त्या हसल्या. "कायम झालात तुम्ही."

मी तसं लिहिलं नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

"आभार कसले," मॅडम म्हणाल्या. "तुमचंच काम आहे." त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. जरा बाजूला बघत होत्या, तिच्या उजव्या खांद्याच्या पलीकडे.

विंडो बंद झाली.

ती तशीच बसून राहिली. कायम. हवं होतं ते मिळालं होतं, आणि आनंद कुठेच सापडत नव्हता.

"आई," तिने हाक मारली.

स्वयंपाकघरात पाण्याचा नळ बंद झाला.

"कायम? खरंच?" आईचा आवाज आनंदाने फाटला होता. "ये, इकडे ये. तोंड बघू दे तुझं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दोन बायकांचं हसणं.

उठून बघावं, एवढंच करायचं होतं. ते तिच्याने होईना. तिला फार भीती वाटली.

तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. आतलं हसणं तसंच चालू राहिलं.

हात माउसवरच होता. तिने बाण डावीकडे नेला.

कडेला तो थांबला. भिंतीला लागल्यासारखा.

मग उजवीकडे नेला. तिथे आता मॉनिटर नव्हता, केबल कपाटात होती. बाण कडेपाशी गेला आणि पलीकडे निघून गेला.

त्याच कडेतून एक विंडो आत आली. फरफटत, तिरकी, कुणाच्या तरी हातून चुकून सुटल्यासारखी.

तक्रार एका गोदामातली होती. प्रिंटर छापत नव्हता. तारीख पंधरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारची.

अडलेलं काम समोर आलं की तिला राहवत नसे. तिने छापायची रांग मोकळी केली, पुन्हा सुरू केली. पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली.

तिसरीपाशी ती बराच वेळ थांबली. स्वयंपाकघर आता शांत होतं. वडिलांचं बोलणं तिला आठवत होतं, पण आता तिला खोटं लिहायचं नव्हतं.

काय राहिलं: काही नाही.