तारांगणातलं गाव फिरलं!

"अरे, सूर्य चुकला!" ढब्बू अंधारात एवढ्या मोठ्यानं ओरडला, की पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून रडायलाच लागलं.

"गप रे!" ताईनं धाकट्या भावाला कोपर मारलं. पण चूक तिलाही दिसली होती. बालसंग्रहालयाच्या तारांगणात आजच्याच तारखेचं आकाश दाखवत होते आणि घुमटावरचा सूर्य पाण्याच्या टाकीमागे बुडाला होता. खरा सूर्य तर या सुट्टीत रोज गिरणीच्या धुराड्यामागे मावळत होता!

खेळ संपला, दिवे लागले. तारांगण चालवणारी त्यांची आत्या यंत्राशेजारी डोकं धरून बसली होती.

"आठवडाभर हेच चाललंय. एकेक स्क्रू तपासला, काही सापडत नाही. संचालकबाईंनी सांगून टाकलंय, उद्या यंत्र भंगारात. तारांगण बंद!"

"पण आई, धुराडंच चुकीच्या जागी असलं तर?" आत्याची मुलगी टिकली म्हणाली.

आत्या ताडकन उठली. घुमटाच्या कडेनं काळ्या पत्र्याची पट्टी गोल लावलेली होती: घरं, झाडं, टाकी, धुराडं, सगळं गाव.

"पट्टी चुकणं शक्यच नाही! हे तारांगण झालं तेव्हा मी तुझ्याएवढी होते. आम्ही वर्गातल्या पोरांनी घरोघरचे बिस्किटांचे रिकामे डबे जमवले, इथल्याच गच्चीवर बसून चारी दिशांचं गाव दिसलं तसं रेखाटलं आणि पत्रे कापले. धुराडं माझं. बोटाला टाके पडले होते!"

तिघं मुलं तोंडाचा आ करून वर बघत राहिली. इतक्या वेळा आली, पण ही काळी पट्टी कुणी तरी हातानं कापली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं!

मग ढब्बू खुर्चीवर चढून पट्टीला नाक लावून उभा राहिला. "आत्या, हा रंग ताजा आहे. आणि ही बघ, पुट्टी भरून बुजवलेली भोकं! प्रत्येक पत्र्याच्या शेजारी!"

"मागच्याच आठवड्यात रंगवून घेतलं…" आत्या म्हणाली आणि एकदम थांबली.

"यंत्र हललं नाही," टिकली हळूच म्हणाली, "गावच फिरलं!"

रंगकामाचे ठेकेदार बाहेर दाराला रंगाचा शेवटचा हात मारत होते. ताई धावत जाऊन संचालकबाईंना घेऊन आली आणि त्यांना यंत्रामागे उभं केलं. मग ढब्बूनं ठेकेदारांना आत आणलं.

"काका, काय झकास काम! एक ओघळ नाही. पट्टी न काढताच रंगवलीत?"

"न काढता? सगळे पत्रे उतरवले, उन्हात वाळवले, परत लावले!"

"बाप रे! मग सुरुवात कुठून करायची, कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? दारापासून धरलं नि लावत गेलो. जुन्या भोकांत बसेना, मग नवी पाडली. काळी घरं ती. इथं काय नि तिथं काय!"

"बराच फरक पडतो, ठेकेदार!" यंत्रामागून आवाज आला. ठेकेदारांचा ब्रश हातातून सुटला.

संध्याकाळपर्यंत ठेकेदार शिडीवर आणि मुलं खाली, "अजून डावीकडे, काका!" म्हणत. शेवटचा पत्रा पुन्हा उघडलेल्या जुन्या भोकांत बसला. आत्यानं दिवे मालवले. सूर्य सावकाश खाली आला आणि धुराड्यामागे अलगद गेला. संचालकबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"चूक माझी," त्या आत्याला म्हणाल्या. "न तपासताच यंत्राला दोष दिला. ते जागचं हलणार नाही. आणि पोरांनो, शाबास! आम्ही सगळे आकाशाकडे बघत बसलो, तुम्ही जमिनीकडे बघितलंत."

"पण बाई, यात नवीन रुग्णालय नाहीच!" ढब्बू म्हणाला.

"आमच्या वेळी नव्हतंच ते," आत्या हसली.

संचालकबाई पट्टीखालच्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहिल्या. "जुनं गाव तसंच राहू दे. आजचं गाव त्याच्याखाली लावू. कोण कापणार?"

दुसऱ्या सकाळी तिघं कागद घेऊन गच्चीवर बसली आणि लगेच भांडण जुंपलं.

"आपलं घर एवढं मोठं कसं काढलंस?" ताईनं ढब्बूला विचारलं.

"आपलं आहे म्हणून!"

"दिसतं तेवढंच काढायचं, ढब्ब्या!" टिकली म्हणाली. "पुढच्या पोरांना सूर्य शोधायचाय!"

ढब्बूनं निमूटपणे घर खोडलं आणि डोळे बारीक करून पुन्हा गावाकडे बघायला लागला.